अनस्टेबल अँजायना: नेमकं काय बिघडतं आणि नोंदीत कोड कोणता पडतो

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की छातीत जे दुखतं किंवा दाबल्यासारखं होतं, तो अँजायना. त्यापुढे 'अनस्टेबल' हा शब्द ऐकला की बहुतेकांना वाटतं, दुखणं फार जोरात असणार. पण इथे अनस्टेबल म्हणजे जोरात नव्हे. अनस्टेबल म्हणजे दुखण्याची ठरलेली चाल मोडलेली.

समजा, एका माणसाला चार वर्षांपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढले की छातीत दाबल्यासारखं होतं. तो दोन-तीन मिनिटं थांबतो, बरं वाटतं, पुढे जातो. त्याचा त्रास चांगला असह्य असू शकतो, तरीही तो स्टेबल अँजायना आहे, कारण तो केव्हा येणार आणि कशाने जाणार हे ठाऊक आहे. दुसऱ्याला काल रात्री नुसतं खुर्चीत बसलेलं असताना छातीवर हलकंसं ओझं जाणवलं, घाम आला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ते गेलं. यापूर्वी असं कधी झालं नव्हतं. दुखणं किरकोळ, पण हा अनस्टेबल अँजायना असू शकतो आणि याला आजच्या आज रुग्णालयात नेलं पाहिजे.

हा फरक डॉक्टरला उपचारासाठी लागतो आणि मेडिकल कोडरला, म्हणजे नोंदीतल्या निदानाला यादीतला ठरलेला कोड देणाऱ्याला, कोडसाठी लागतो. अडचण अशी की डॉक्टरच्या डोक्यात तो स्पष्ट असला तरी कागदावर बरेचदा उतरत नाही. तिथे नुसतं 'छातीत दुखणे' किंवा 'एसीएस' (अॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम, हृदयाचा रक्तपुरवठा अचानक घटण्याच्या अवस्थांचं एकत्रित नाव) लिहिलेलं असतं.

धमनीच्या आत काय घडतं

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं मेद, पेशी आणि कॅल्शियम साचत जातं. या साठ्याला प्लाक म्हणतात. प्लाकवर तंतुमय आवरण असतं. आवरण जाड आणि धट्टंकट्टं असेल, तर धमनी अरुंद होते पण प्रकरण शांत राहतं. बसलेल्या माणसाला पुरेसं रक्त मिळतं, धावताना कमी पडतं. हा स्टेबल अँजायना.

अनस्टेबलमध्ये बहुतेक वेळा हे आवरण फाटतं, किंवा न फाटता त्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. आतला माल रक्ताला लागला की प्लेटलेट तिथे चिकटतात आणि गुठळी बनू लागते. ही गुठळी धमनी अर्धवट बंद करते, कधी विरघळते, पुन्हा वाढते. जोडीला धमनी आकुंचनही पावते. म्हणून दुखणं बसल्या जागी येतं, येतं-जातं, आणि पुढच्या तासाला काय होईल ते सांगता येत नाही.

फाटणारा प्लाक नेहमी सगळ्यात मोठा असतोच असं नाही. मध्यम आकाराचा, आत मेद भरपूर आणि वरचं आवरण पातळ असा प्लाकही फाटतो. त्यामुळे मागच्या वर्षीच्या अँजिओग्राफीत 'फारसं काही नव्हतं' म्हणून आजचं दुखणं हृदयाचं नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

काही वेळा धमनीतला प्लाक जुना आणि शांतच असतो, पण रक्तातलं हिमोग्लोबिन फार उतरलेलं असतं, थायरॉइड उसळलेला असतो, ताप किंवा नाडीचा वेग खूप वाढलेला असतो. मग मागणी वाढते किंवा पुरवठा घटतो आणि अँजायना उफाळतो. याला दुय्यम अनस्टेबल अँजायना म्हणतात. हा प्रकार लक्षात ठेवा. कोड लावताना पुढे तो अडवणार आहे.

ओळखायचं कसं

तीन चित्रं ठरलेली आहेत. पहिलं, विश्रांतीत येणारं दुखणं, साधारण वीस मिनिटांहून जास्त टिकणारं. दुसरं, गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला आणि थोड्याशा श्रमाने, म्हणजे सपाट रस्त्यावर थोडं चालून किंवा एक मजला चढून, येणारा अँजायना. तिसरं, जुनाच अँजायना पण आता वाढत चाललेला: आधी आठवड्यातून एकदा, आता रोज, आधी दोन मिनिटं, आता दहा, आधी एक गोळी पुरायची, आता दोन लागतात. या तिसऱ्याला क्रेसेंडो अँजायना म्हणतात.

हृदयरोगतज्ज्ञ यूजीन ब्राउनवाल्ड यांनी १९८९ मध्ये मांडलेलं वर्गीकरण अजून वापरात आहे. नवा किंवा वाढता पण विश्रांतीत न येणारा तो वर्ग एक. गेल्या महिन्यात विश्रांतीत आलेला पण गेल्या ४८ तासांत न आलेला तो वर्ग दोन. गेल्या ४८ तासांत विश्रांतीत आलेला तो वर्ग तीन. त्यापुढे ए म्हणजे दुय्यम, बी म्हणजे प्राथमिक, सी म्हणजे हार्ट अटॅकनंतरच्या दोन आठवड्यांतला. केसपेपरवर 'ब्राउनवाल्ड तीन-बी' असं दिसलं, तर त्याचा अर्थ हा.

दुखणं छातीतच असेल असंही नाही. जबडा, डावा हात, पाठ, पोटाचा वरचा भाग इथे जाणवू शकतं. मधुमेही, वयस्क आणि स्त्रियांमध्ये नुसता दम लागणं, घाम, मळमळ किंवा एकदम आलेला थकवा एवढंच असू शकतं. 'गॅस झालाय' म्हणून घालवलेल्या तासांत खूप नुकसान होतं.

रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून तो कोणीतरी वाचायचा असतो. त्यात एसटी भाग, म्हणजे आलेखातला एक ठरावीक तुकडा, दोन शेजारच्या लीडमध्ये (हृदयाकडे पाहण्याच्या कोनांत) अर्धा मिलिमीटर किंवा जास्त खाली गेलेला, टी लाट उलटी झालेली किंवा एसटी काही वेळापुरता वर उचललेला दिसू शकतो. तो अगदी नॉर्मलही असू शकतो. नॉर्मल ईसीजीने अनस्टेबल अँजायना नाकारता येत नाही, म्हणून दुखणं सुरू असताना तो पुन्हा काढतात.

ट्रोपोनिनची रेघ

अनस्टेबल अँजायना आणि एनस्टेमी नावाचा हार्ट अटॅक यांत लक्षणं सारखी, ईसीजी सारखा, सुरुवातीचे उपचारही जवळपास सारखे. फरक एकच: हृदयाच्या पेशी मेल्या का? पेशी मेल्या की ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात येतं. ठरावीक वेळांनी पुन्हा तपासल्यावर ट्रोपोनिन चढत-उतरत असेल, एक तरी आकडा निरोगी लोकांच्या ९९व्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव निरोगी लोक ज्या मर्यादेखाली असतात तिच्या, वर असेल, आणि रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणं किंवा ईसीजीतले बदल असतील, तर तो हार्ट अटॅक. हार्ट अटॅकची २०१८ ची चौथी जागतिक व्याख्या हेच सांगते. आकडे वर गेलेच नाहीत, पण चित्र मात्र प्लाक बिघडल्याचं आहे, तर तो अनस्टेबल अँजायना.

एकच तपासणी पुरत नाही. दुखणं सुरू होऊन तासभरही झाला नसेल तर पहिला आकडा कमीच येईल. हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणाऱ्या, तपासणीत शून्य आणि एक, दोन किंवा तीन तासांनी पुन्हा पाहतात. जुन्या पद्धतीच्या तपासणीत सहा तासांपर्यंत थांबावं लागतं. नोंदीत आकड्याजवळ वेळ लिहिलेली नसेल, तर तो आकडा पुढे कोडरलाही निरुपयोगी आणि तपासनिसालाही.

तपासणी जसजशी सूक्ष्म होत गेली, तसे पूर्वी अनस्टेबल अँजायना ठरले असते असे पुष्कळ रुग्ण आता एनस्टेमीत मोजले जातात. जुन्या फायलींचे आकडे आजच्याशी ताडताना हे ध्यानात ठेवावं.

उलट बाजूही आहे. ट्रोपोनिन वर असलं म्हणजे हार्ट अटॅक झालाच असंही नाही. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या माणसात, सेप्सिसमध्ये, हृदयाच्या स्नायूला सूज आल्यावर ते वर जातं. आकडा पाहून निदान ठरवणं हे डॉक्टरचं काम. कोडरने आकड्यावरून निदान लिहायचं नाही, कितीही उघड वाटलं तरी.

उपचार थोडक्यात

ॲस्पिरिनची पहिली मात्रा चावून खायला देतात, अमेरिकी पद्धतीत १६२ ते ३२५ मिलिग्रॅम. दुखत असेल तर जिभेखाली नायट्रोग्लिसरीन ०.४ मिलिग्रॅम, पाच-पाच मिनिटांनी जास्तीत जास्त तीन वेळा. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल ही लिंगताठरतेची औषधं घेतली असतील तर नायट्रोग्लिसरीन द्यायचं नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. त्याजोडीला दुसरं प्लेटलेटविरोधी औषध, गुठळी रोखणारं हेपरिन किंवा एनोक्सापॅरिन, कोलेस्टेरॉल उतरवणारं जास्त मात्रेचं स्टॅटिन, शक्य असेल तर हृदयाचा वेग कमी करणारा बीटा-ब्लॉकर. मग धोका किती ते पाहून अँजिओग्राफी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र इथे देत नाहीत. एसटी वर गेलेल्या हार्ट अटॅकमध्ये ते जीव वाचवतं, अनस्टेबल अँजायनात फायदा दिसलेला नाही आणि रक्तस्रावाचा धोका तेवढा अंगावर येतो.

आता घरी असणाऱ्यांसाठी एक वाक्य: बसल्या जागी छातीत दाब आला आणि काही मिनिटांत गेला नाही, तर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका.

कोडकडे वळू या

एक गोष्ट आधी. आयसीडी-१० म्हणजे आजारांना कोड देणारी आंतरराष्ट्रीय यादी, आणि तिच्या कोडची सुरुवात रोमन अक्षराने होते. या लेखात ते अक्षर देवनागरीत लिहिलं आहे: 'आय२०.०' म्हणजे रोमन 'आय' हे अक्षर, मग दोन, शून्य, बिंदू, शून्य. टाइप करताना 'आय'च्या जागी एकचा आकडा आणि शून्याच्या जागी 'ओ' पडणं ही फार सामान्य चूक आहे.

दुसरी गोष्ट, आयसीडी-१० एकच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती वेगळी, अमेरिकेतली आयसीडी-१०-सीएम वेगळी, कॅनडाची आणि ऑस्ट्रेलियाची आणखी वेगळी. मूळ आवृत्तीत अनस्टेबल अँजायना आय२०.० आणि धमनीकाठिण्याचा हृदयरोग आय२५.१ असे दोन सुटे कोड आहेत. दोन्ही असतील तर दोन्ही नोंदतात. अमेरिकी आवृत्तीत या दोघांचा मिळून एक जोडकोड केलेला आहे. बहुतेक गोंधळ याच जोडकोडावरून होतो, म्हणून पुढचं सगळं अमेरिकी आवृत्तीबद्दल आहे.

तिथे आय२०.० म्हणजे धमनीकाठिण्याची नोंद नसलेला अनस्टेबल अँजायना. अॅक्सिलरेटेड अँजायना, क्रेसेंडो अँजायना, नव्याने आलेला श्रमाचा अँजायना, वाढत चाललेला श्रमाचा अँजायना, प्रीइन्फार्क्शन सिंड्रोम, इंटरमिजिएट कोरोनरी सिंड्रोम ही सगळी नावं याच कोडात येतात. म्हणजे डॉक्टरने 'अनस्टेबल' हा शब्द न वापरता 'क्रेसेंडो' लिहिलं तरी काम होतं. पण 'छातीत वारंवार दुखतं, वाढलंय' एवढ्यावर होत नाही. ते लक्षणाचं वर्णन आहे, निदान नाही.

रुग्णाला कोरोनरी धमनीकाठिण्य असेल, म्हणजेच नोंदीत सीएडी असेल, तर आय२०.० बाजूला ठेवायचा आणि आय२५.११० लावायचा. याचा अर्थ: स्वतःच्या, म्हणजे नेटिव्ह, कोरोनरी धमनीतलं धमनीकाठिण्य, अनस्टेबल अँजायनासह. हा एकच कोड दोन्ही सांगतो.

इथे दोन चुका रोज होतात. एक, आय२०.० आणि आय२५.१० असे दोन कोड वेगवेगळे लावणं. आय२५.१० चा अर्थच 'अँजायनाशिवाय' असा आहे, म्हणजे एकाच रुग्णाला एका ओळीत अँजायना आहे आणि दुसऱ्या ओळीत नाही असं म्हटल्यासारखं होतं. शिवाय आय२० च्या खाली एक्सक्लूड्स वन नावाची टीप आहे: धमनीकाठिण्यासह असलेला अँजायना इथे लावू नये. एक्सक्लूड्स वन म्हणजे हे दोन कोड एकत्र येऊ शकत नाहीत. दुसरी चूक, 'अँजायना सीएडीमुळेच आहे असं डॉक्टरने लिहिलेलं नाही' म्हणून जोडकोड टाळणं. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांच्या नवव्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय की रुग्णाला धमनीकाठिण्य आणि अँजायना दोन्ही असतील तर त्यांचा कार्यकारणसंबंध गृहीत धरायचा. 'मुळे' हा शब्द शोधत बसायचं नाही.

हा नियम एकाच ठिकाणी थांबतो: डॉक्टरने अँजायनाचं दुसरं कारण लिहिलेलं असेल तेव्हा. वर सांगितलेला दुय्यम अँजायना आठवा. हिमोग्लोबिन ५.८, जुना सीएडी, आणि नोंदीत 'तीव्र ॲनिमियामुळे अनस्टेबल अँजायना, रक्त दिल्यावर दुखणं थांबलं.' इथे जोडकोड आपोआप लागत नाही. अँजायना, सीएडी आणि ॲनिमिया तिन्ही वेगळे मांडावे लागतात, आणि दोन अवस्था एकमेकांशी संबंधित नसतील तर एक्सक्लूड्स वनला अपवाद करता येतो हे कलम तेव्हा वापरावं लागतं. अशा वेळी स्वतःच्या अक्कलहुशारीवर न जाता डॉक्टरला लेखी विचारून घेतलेलं चांगलं, कारण विचारल्यावर डॉक्टर 'दोन्ही कारणीभूत' असंही म्हणू शकतात. तसं त्यांनी लिहून दिलं, तर जोडकोडच राहतो.

अँजायनाची बाकी भावंडं

आय२५.११ च्या पुढचा सहावा आकडा अँजायनाचा प्रकार सांगतो. शून्य म्हणजे अनस्टेबल. एक म्हणजे धमनीचा आकडी आल्यासारखा आकुंचनाचा प्रकार, ज्याला प्रिन्झमेटल म्हणतात. दोन म्हणजे रिफ्रॅक्टरी, औषधं आणि शस्त्रक्रिया करूनही न हटणारा. हा आकडा १ ऑक्टोबर २०२२ पासून आला. आठ म्हणजे इतर प्रकार, आणि स्टेबल अँजायना यातच बसतो. नऊ म्हणजे प्रकार लिहिलेला नाही. नुसतं 'सीएडी, अँजायना' लिहिलं की आय२५.११९.

सुट्या आय२० गटातही अलीकडे बदल झाले. आय२०.२ रिफ्रॅक्टरीसाठी आला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आय२०.८ फुटून आय२०.८१ आणि आय२०.८९ झाले. पहिला सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या बिघाडासह अँजायनासाठी, दुसरा उरलेल्यांसाठी. विम्याचा दावा परत आला आणि 'कोड अपूर्ण' असा शेरा असेल, तर जुना चार अक्षरी आय२०.८ कुठे राहिलाय का ते आधी बघा. कोडची यादी दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलते आणि रुग्ण ज्या तारखेला घरी गेला त्या तारखेची यादी धरायची असते, कोडिंग ज्या दिवशी केलं त्या दिवसाची नव्हे.

बायपास झालेला रुग्ण

बायपास झालेल्या माणसाच्या हृदयावर दोन प्रकारच्या रक्तवाहिन्या असतात: त्याच्या मूळच्या, आणि शस्त्रक्रियेत जोडलेल्या. दुखणं कोणत्या नळीतल्या प्लाकमुळे आहे त्यावर कोड बदलतो. पायातून काढून जोडलेल्या स्वतःच्या शिरेतलं धमनीकाठिण्य आणि अनस्टेबल अँजायना असेल तर आय२५.७१०. छातीतली किंवा हातातली स्वतःची धमनी जोडलेली असेल तर आय२५.७२०. ग्राफ्टमध्ये, म्हणजे जोडलेल्या नळीत, आजार आहे असं लिहिलंय पण ग्राफ्टचा प्रकार नाही, तर आय२५.७००. हृदय बदललेल्या रुग्णात त्या नव्या हृदयाच्या स्वतःच्या कोरोनरी धमनीत असेल तर आय२५.७५०.

नुसता 'बायपासचा इतिहास' दिसला म्हणून आय२५.७ गटात उडी मारायची नाही. ग्राफ्टमध्ये आजार आहे हे नोंदीत हवं. ते नसेल आणि फक्त सीएडी लिहिलेलं असेल, तर आजार मूळ धमनीतला मानून आय२५.११० लावायचा आणि बायपास झाल्याची खूण म्हणून झेड९५.१ जोडायचा. अँजिओग्राफीचा अहवाल उघडा. तिथे 'उजव्या धमनीकडे जाणाऱ्या शिरेच्या ग्राफ्टमध्ये ८५ टक्के अडथळा' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि डिस्चार्ज समरीत मात्र 'सीएडी, बायपासनंतर' एवढंच. ही दोन कागदं एकमेकांशी बोलत नसतात. हृदयरोगतज्ज्ञाने अहवालातली ती ओळ समरीत आणली की प्रश्न मिटतो.

स्टेंट बसवलेला असेल तर झेड९५.५; स्टेंट न बसवता फक्त फुग्याने धमनी उघडली असेल तर झेड९८.६१. स्टेंटच्या आतच पुन्हा अरुंदपणा आला असेल तर तो वेगळा प्रकार, त्याला टी८२.८५५ आणि उपचार सुरू असताना सातवं अक्षर ए. धमनी पूर्ण बंद होऊन जुनी झालेली असेल, म्हणजे क्रॉनिक टोटल ऑक्लूजन, तर आय२५.८२ धमनीकाठिण्याच्या कोडनंतर जोडतात.

हार्ट अटॅकशी सीमा

दाखल होताना 'अनस्टेबल अँजायना' लिहिलं, दुसऱ्या तपासणीत ट्रोपोनिन चढलं आणि डॉक्टरने शेवटी एनस्टेमी लिहिलं. मग मुख्य निदान आय२१.४ आणि सीएडी त्यानंतर. सीएडीच्या रुग्णाचा हार्ट अटॅक असेल तर हार्ट अटॅक आधी, हा क्रम मार्गदर्शक तत्त्वांत दिलेलाच आहे. दाखल होतानाचा पहिला अंदाज तसाच पुढे ओढत न्यायचा नाही.

मागणी-पुरवठ्याच्या तफावतीने झालेला दुसऱ्या प्रकारचा हार्ट अटॅक आय२१.ए१ मध्ये जातो. हृदयाच्या पेशींना इजा झाली पण कारण रक्तपुरवठ्याचं नाही, तर आय५ए. हा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. आणि डॉक्टरने कुठलंच निदान न करता फक्त 'ट्रोपोनिन वाढलेलं' लिहिलं असेल तर आर७९.८९.

हार्ट अटॅक झाल्यावर चार आठवड्यांच्या आत पुन्हा अँजायना उठला आणि डॉक्टरने तो इन्फार्क्शननंतरचा अँजायना म्हटला, तर आय२३.७, आणि सोबत हार्ट अटॅकचा आय२१ किंवा आय२२ असायलाच हवा. चार आठवडे उलटून गेले की हार्ट अटॅक जुना, आय२५.२.

'एसीएस' हा शब्द आणि बाह्यरुग्ण विभाग

अॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम, म्हणजे एसीएस, ही एक मोठी छत्री आहे. तिच्याखाली अनस्टेबल अँजायना, एनस्टेमी आणि स्टेमी (एसटी वर गेलेला हार्ट अटॅक) तिघेही उभे असतात. आपत्कालीन विभागात पहिल्या अर्ध्या तासात हा शब्द योग्यच आहे, कारण तेव्हा तिघांपैकी कोण ते ठरलेलं नसतं. पण डिस्चार्जच्या दिवशीही तोच राहिला तर कोड पडतो आय२४.९, तीव्र इस्केमिक हृदयरोग, प्रकार नमूद नाही. तीन दिवस दाखल, दोन ट्रोपोनिन, अँजिओग्राफी, स्टेंट, आणि शेवटी 'नमूद नाही'. एवढ्या कामाची नोंद एका अस्पष्ट कोडात बुडते.

संशयित निदानाचा नियम आंतररुग्ण आणि बाह्यरुग्णांना वेगळा आहे. दाखल रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी 'बहुधा', 'संशयित', 'शक्यता' असे शब्द निदानाला लागलेले असतील तर ते निदान असल्यासारखंच कोड करतात. बाह्यरुग्णात तसं चालत नाही. तिथे 'अनस्टेबल अँजायना असावा' असं लिहिलं तर कोड लक्षणाचा: आर०७.९ किंवा दुखण्याची जागा नीट लिहिलेली असेल तर त्याला जुळणारा आर०७ मधला. आणि निदान पक्कं झालं असेल, तर छातीत दुखणं वेगळं कोड करायचं नाही, ते निदानातच आलं.

बाह्यरुग्ण विभागातली सर्वांत महागडी चूक मात्र दुसरीच आहे. फेब्रुवारीत अनस्टेबल अँजायनासाठी स्टेंट बसला. जूनमध्ये रुग्ण तपासणीला आला, दुखणं नाही, चालतो-फिरतो. संगणकात मागची नोंद जशीच्या तशी उचलली गेली आणि पुन्हा आय२५.११० पडला. अनस्टेबल अँजायना ही तासा-दिवसांची अवस्था आहे, आयुष्यभराची पदवी नव्हे. जूनमध्ये त्याला आय२५.१० आणि झेड९५.५, लांबपल्ल्याचं ॲस्पिरिन चालू असेल तर झेड७९.८२, दुसरं प्लेटलेटविरोधी औषध असेल तर झेड७९.०२. औषधावर असूनही थोडाफार ठरलेला श्रमाचा अँजायना उरला असेल तर आय२५.११८. दवाखान्यातल्या साध्या भेटीत अनस्टेबल अँजायना दिसला आणि त्याच दिवशी ना ईसीजी, ना ट्रोपोनिन, ना रुग्णालयात पाठवल्याची नोंद, तर ऑडिटर तिथेच बोट ठेवतो, आणि त्याचं बरोबर असतं.

डॉक्टरला विचारायचं कसं, आणि डॉक्टरने लिहायचं काय

नोंद अपुरी असेल तर कोडरने लेखी विचारणा करायची, तिला क्वेरी म्हणतात. तिचा नियम कडक आहे: उत्तर तोंडात कोंबायचं नाही आणि पैशांचा उल्लेख करायचा नाही. 'अनस्टेबल अँजायना लिहाल का?' ही क्वेरी नव्हे, ती सूचना. नीट क्वेरी अशी: 'रुग्णाला विश्रांतीत ३० मिनिटं छातीत दाब, व्ही४ ते व्ही६ लीडमध्ये एसटी १ मिलिमीटर खाली, हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन शून्य आणि तीन तासांनी मर्यादेच्या आत, एलएडीत (डाव्या बाजूच्या पुढच्या मोठ्या कोरोनरी धमनीत) ८० टक्के अडथळा, स्टेंट. समरीत एसीएस नमूद आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार एसीएसचा प्रकार कृपया लिहा: अनस्टेबल अँजायना, एनस्टेमी, इतर, किंवा ठरवता येत नाही.' पुरावा समोर, पर्याय खरे, 'इतर' आणि 'ठरवता येत नाही' हे दोन्ही हजर.

डॉक्टरच्या बाजूने खरं तर एक नीट ओळ पुरते. 'मूळ एलएडीतल्या धमनीकाठिण्यामुळे अनस्टेबल अँजायना. विश्रांतीत दुखणं, आठवड्यात वाढतं. ट्रोपोनिन दोनदा मर्यादेत, एनस्टेमी नाही. २०१९ चा उजव्या धमनीतला स्टेंट उघडाच आहे.' या ओळीत निदान आहे, कारण आहे, धमनी कोणती ते आहे, हार्ट अटॅक का नाही ते आहे, आणि जुना इतिहासही आहे. कोडर आय२५.११० आणि झेड९५.५ लावून पुढे जातो. सिगारेट-तंबाखूची सवय असेल तर तीही याच ओळीला जोडावी, कारण आय२० आणि आय२५ दोन्ही ठिकाणी तंबाखूचा जादा कोड मागितलेला आहे: सध्या अवलंबित्व असेल तर एफ१७ मधला, सोडली असेल तर झेड८७.८९१.

नवीन आयसीडी-११, जी जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केली, तिच्यात अनस्टेबल अँजायना बीए४०.० झाला आहे आणि स्टेबल बीए४०.१. तिथे जोडकोड आधीच शिवून ठेवलेले नाहीत; गरजेप्रमाणे दोन मूळ कोड तिरप्या रेषेने एकत्र बांधायचे असतात. म्हणजे धमनीकाठिण्य आणि अँजायना हे नातं यादी गृहीत धरणार नाही, ते नोंद लिहिणाऱ्यालाच लिहावं लागेल.